अहो म्हटलं तर कोण ओ देईल

२ मार्च १९८३

आज बिऱ्हाड हलवलं. दोन मोठे टोप, परात, विळी, माझी ट्रंक आणि ह्यांची वळकटी, एवढा आमचा संसार. लालबागहून कॉटन ग्रीनवरून शिवडीच्या कोळीवाड्यात यायचं ते काय मोठं! पण हातगाडीवाल्यानं अशी कुरकुर केली की जणू मी त्याच्या गाडीत अख्खा राणीचा बाग भरला होता.

खानावळीला कुलूप लावताना रडू आलं नाही, खरं सांगते. संपाला वर्ष उलटून गेलं. जेवायला येणारे गडी कधीच गावाला गेले. रिकाम्या पाटांपुढं भात किती दिवस शिजवायचा? ही डायरीही एका औषधकंपनीवाल्या जेवणाऱ्यानं दिलेली. म्हणाला, शांताबाई, तोंड एवढं चालतं, आता हातही चालवा. म्हणून चालवतेय.

घरवाली मंजुळा माझ्याच वयाची, हातभर हिरवा चुडा. पोटमाळा आम्हाला दिलाय. मी कामाचं विचारलं तर म्हणाली, आधी जेवा, काम काय पळून जातंय? आणि ताटात तळलेल्या मांदेलीचा ढीग ओतला. दुसरीच्या हातचं आयतं जेवून मला किती वर्षं झाली होती! पोट भरलं, मनही भरलं.

तिचा नवरा हरेश्वर मोठा गमत्या. ह्यांना त्यानं आपल्या होडीवर घेतलंय. ह्यांच्या गळ्यात अजून गिरणीचा पितळी बिल्ला आहे, काळ्या दोऱ्यात ओवलेला. उद्या संप मिटला तर गेटावर दाखवायला लागेल ना! हरेश्वर म्हणाला, फेक तो दर्यात, इथं भोंगा होत नाही, भरती होते. हे हसले, पण काढला नाही.

संध्याकाळी शेजारच्या बायांनी मला घेरलं, नाव घे म्हणून. म्हटलं, बायांनो, लग्नाला वीस वर्षं होत आली, सगळं 'अहो'वर भागलंय. आमच्याकडं नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. लालबागेत सगळे ह्यांना गावडे म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा. मंजुळा म्हणाली, तिचंही 'अवो'वरच चाललंय. खूप हसलो.

११ मार्च

दिवस बरे चाललेत. सकाळी मंजुळेबरोबर जवळा निवडते, वाळत घालते, कावळ्यांना शिव्या देते. हे पहिले दोन दिवस होडीत ओकले. मालवणच्या माणसाला होडी लागते म्हणजे काय, शिरा पडली तोंडार! हरेश्वरनं त्यांना आलं चघळायला दिलं आणि कुणाला सांगितलं नाही. माणूस चांगला आहे.

जेवताना दोघांची मजा असते. हे म्हणतात, माका पेज वाढ. तो म्हणतो, मना पेज दे. माका आणि मना. जेवून उठला की हरेश्वर ताटातच हात धुतो आणि ओला तळवा डोक्यावरून मागं फिरवतो. मंजुळा रोज ओरडते, तो रोज तेच करतो.

१८ मार्च

बंदराच्या तोंडाशी कुठल्याशा जहाजाचं पोट फाटलं. रात्रीत सगळं तेल खाडीत. सकाळी पाहिलं तर पाण्यावर तवंग, आमटीवर येतो तसा, पण लांबच लांब. जांभळा, हिरवा, सोनेरी. क्षणभर छानच वाटला, मग वास आला. डोकं ठणकायला लागलं. ठिणगी पडेल म्हणून वाड्यात आज चूल कुणीच पेटवली नाही. वाळत घातलेला जवळा सगळा फुकट गेला, त्याला रॉकेलचा वास येतोय.

२१ मार्च

वास गेला. एक साहेब पांढऱ्या कपड्यांत येऊन गेले. म्हणाले, हलकं होतं ते वाऱ्यानं उडालं. उरलेलं लाटा फोडतील, ऊन वाळवील, आणि पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात, ते हळूहळू खातील. समुद्र सगळं पचवतो. मी विचारलं, पचवतो तर मग हागतो कुठं? बाया तोंडाला पदर लावून हसल्या. साहेब मात्र हसले नाहीत. म्हणाले, जे कुणालाच खाता येत नाही ते शेवटी उरतं, गोळे होऊन येईल कधीतरी.

तेल आता चमकत नाही. तपकिरी झालंय, दाट. पाणी पिऊन फुगतंय. ताक घुसळून लोणी यावं तसं लाटांनी ते घुसळलंय, आणि आता लाटही फुटत नाही, नुसती वर येते आणि बसते. खाडी गप्प झाली.

२४ मार्च

हरेश्वर गेला.

खुंटाला बांधलेलं जाळं त्या चिखलात सडेल म्हणून पहाटेच निघाला. ह्यांना ताप होता, मी जाऊ दिलं नाही. तो एकटाच गेला. दुपारच्या भरतीला होडी आपली आपण आली. काठापर्यंत काळी. वल्ही आत, डबा आत, माणूस नाही.

मंजुळा रडली नाही. होडीच्या काठावर हात फिरवत राहिली आणि मग तो हात हुंगला. मला बघवेना. मीच धाय मोकलून रडले.

२ एप्रिल

लाँचीतून औषध मारलं. तेल दिसेनासं झालं, पाणी एकदम लख्ख. सगळे म्हणाले, गेलं. हरेश्वरचा चुलता बुधाजी तेवढा म्हणाला, गेलं नाय, खाली बसलंय.

हरेश्वरही सापडला नाही. वाड्यातले जाणते म्हणतात, दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यावा, जीव मोकळा होईल. मंजुळेनं चुडा उतरवला नाही. म्हणते, दर्यानं अजून दिलाय कुठं? देईल तेव्हा बघू. समजवायला गेले तर माझ्याच पाठीवरून हात फिरवला तिनं.

२९ एप्रिल

गोळे यायला लागले. ओहोटीनंतर चिखलात पडलेले असतात, कुठं लिंबाएवढे, कुठं नारळाएवढे. वरून कडक, शंख-वाळू चिकटलेली. बोटानं दाबलं की आत मऊ, ताजं. मंजुळा रोज टोपली घेऊन जाते आणि वेचून आणते. मोरीशेजारच्या पिंपात ठेवते. मला वाटलं, विकणार असेल.

१२ मे

आज दुपारी पाणी घ्यायला गेले तर पिंपावर झाकण नव्हतं. सकाळी तिनं सुटे सुटे ठेवलेले गोळे उन्हानं मऊ होऊन एकमेकांत मिसळले होते. ऊन होतं, डांबर वितळणारच, त्यात काय मोठं. पण ते वितळून पिंपात पसरायला हवं होतं ना? ते एका बाजूला उभं राहिलं होतं. पाठ करून बसल्यासारखं.

झाकण लावलं.

१५ मे

राहवेना. आजच्या टोपलीतला एक गोळा विळीवर कापला. आत करदोड्याचा तुकडा, हरेश्वरच्या कमरेला होता तसा. काळा दोरा, गाठ मारलेला.

मंजुळेला दाखवला. ती म्हणाली, ठाव हाय. येतोय हळूहळू. आणि माझ्या हातून तो घेऊन पिंपात ठेवला, लहान मुलाला झोपवावं तसा.

मला ह्या घरातून निघायचंय. ह्यांना म्हटलं तर म्हणाले, खंय जातलंव? गिरणी बंद, खानावळ बंद, गावात भावाच्या दारात? खरंच आहे. जायचं कुठं?

१० जून

होड्या वर ओढल्या. आता नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात कुणी जाणार नाही. जिवात जीव आला. पिंप भरलंय. मंजुळा जेवताना एक ताट त्याच्यापुढं ठेवते. दुःखात माणूस काय काय करतं.

१४ जुलै

हे मी केलं. लिहून ठेवते, मीच केलं.

बुधाजी हरेश्वरची होडी आडवी करून फळ्यांमधल्या फटी बघत होता. म्हणाला, बुजवल्याशिवाय पाण्यात घालता येणार नाही आणि डांबर आणायचं कशानं? मी फटकन बोलून गेले, घरात पिंपभर पडलंय की! खानावळवाली ना मी. उरलेल्या भाताचा फोडणीचा भात करणारी जात. काही वाया गेलेलं बघवत नाही. आणि खरं तर ते पिंप मला घरातून जायला हवं होतं.

वाटलं, मंजुळा अंगावर येईल. ती कितीतरी वेळ माझ्याकडं बघत राहिली. मग ह्यांच्याकडं. मग म्हणाली, तूच शिजव शांते, तुझ्या हाताला चव हाय.

अंगणात तीन दगडांवर माझा मोठा टोप ठेवला. आधी डांबराचा वास आला. मग बिडीचा. मग खोबरेल आणि घामाचा, पुरुषमाणूस दमून दारात आल्यावर येतो तसा. उकळी फुटताना कुणी घोट गिळावा तसा आवाज. गिरणीतली सुताची वेस्ट, टाकाऊ धाग्यांचा गुंता, होती माझ्याकडं, टोप पुसायला ठेवलेली. ह्यांनी तिच्या वाती वळल्या, डांबरात बुडवल्या आणि एकेक करून फटींत ठोकल्या. हौसेनं. कोपरापर्यंत काळे झाले.

रॉकेलनं घासलं, राखेनं घासलं. निघत नाही.

१ ऑगस्ट

ह्यांच्या हातावरचा डाग दंडापर्यंत गेलाय. दुखत नाही म्हणतात. दुपारी अंग तापलं की चिकट होतो. दिवसभर होडीपाशीच बसलेले असतात, फळीला कान लावून. काय ऐकता विचारलं तर म्हणाले, काय नाय.

५ ऑगस्ट

जेवून उठले. ताटात हात धुतला. ओला तळवा डोक्यावरून मागं फिरवला.

माझ्या हातून भांडं पडलं. मंजुळा हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा हसली बाई, आणि मी—

८ ऑगस्ट

आज पेज मागितली. मना पेज दे, म्हणाले.

मना.

वीस वर्षं माका ऐकतेय. झोपेत माका, तापात माका, गिरणीतल्या साहेबासमोरसुद्धा माका. मी म्हटलं, काय म्हणालात? तर डोळे मिचकावून बघितलं, परका माणूस बघतो तसं, आणि मग हळूच, माका गे, माका. पण आठवून आठवून म्हटलं ते.

११ ऑगस्ट

बुधाजीला सांगितलं. लपवण्यासारखं काय राहिलंय! तो थट्टा करील वाटलं होतं, तर चिलीम खाली ठेवली. म्हणाला, दर्याचं ध्यान लागलेल्या माणसाला त्याच्या माणसानं नावानं हाक मारायची. त्याच्या स्वतःच्या नावानं, तीनदा. भरतीचं पाणी पायाला लागायच्या आत त्यानं ओ दिली पाहिजे. परक्याची हाक चालत नाय. तुझीच लागल.

मी म्हटलं, नावानं? तो म्हणाला, मग काय, अहो म्हणून? अहो काय कुणाचाबी असतो.

१२ ऑगस्ट

दुपारी ओहोटी होती. हे चिखलात नडगीभर उभे, पाण्याकडं तोंड करून. पावलांभोवती तो सातरंगी तवंग. पाच महिने झाले तरी चिखलात तेल तसंच आहे, पाय ठेवला की वर येतं.

काठावर गेले. नाव ओठांवर आणलं. पण सगळा वाडा बघत होता, बाया जाळी शिवत बसलेल्या. वीस वर्षांची जीभ. लाज वाटली. हो, लाज! मेली माझी लाज! आणि मनात तेच, नाव घेतलं आणि आयुष्य कमी झालं तर?

म्हणून हाक मारली, अहो! ऐकलंत का, अहो! तीनदा मारली.

तिसऱ्या हाकेला ते वळले. ओ दिली. माझ्या अंगावरून वारं गेलं, वाटलं, आले. पण ते माझ्याकडं बघत नव्हते. माझ्या खांद्यावरून मागं बघत होते. मागं दारात मंजुळा उभी होती, पदर सावरत.

अहो म्हटलं तर कोण ओ देईल? ज्याला द्यायची तो देईल.

१९ ऑगस्ट

घरात मारली ना मी हाक, नावानं. दार लावून. कानात. तीनदा, दहादा— हे वर बघत राहिले, कुणा तिऱ्हाइताचं नाव ऐकावं तसे. मग विचारलं, कोण तो?

डाग गळ्यापर्यंत. बिल्ल्याच्या दोऱ्यापर्यंत.

२३ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

ताशे. सोनेरी कागदाचे नारळ. सगळा वाडा नटलेला. मंजुळेनं नवा चुडा भरलाय. मी होडीला धरून बसले, म्हटलं, माझ्या अंगावरून न्या. बायांनी उचलून बाजूला केलं, हलक्या हातानं, वेडीला उचलतात तसं.

त्यांनी नारळ सोडला. मग गळ्यातला दोरा तोडला आणि बिल्ला पाण्यात फेकला. इथं भोंगा होत नाही, भरती होते, असं म्हणाले. तेच शब्द.

मग मी ओरडले. सगळ्या वाड्यासमोर, पदर खाली पडला तरी— दगडू! दगडू! दगडू!

होडीतल्या माणसानं मान वळवली नाही.

ओ आली. होडीतून नाही. होडीच्या पलीकडून, पाण्यातून, खोल— ह्यांचाच आवाज. ओ गे, म्हणाले. ओ गे, हयसर आसंय. इथं आहे, म्हणाले.

ताशे वाजत होते. कुणाला ऐकू आलं नाही.

२५ ऑगस्ट

तो खालीच झोपतो. आज मंजुळेला विचारत होता, पोटमाळ्यावरची बाई कोण. ती म्हणाली, भाडेकरीण.

तिचा राग येत नाही. यायला हवा ना? येत नाही.

४ सप्टेंबर

ओहोटीला एक गोळा. लिंबाएवढा. वरून कडक.

विळीवर कापला. आत पितळ. दोऱ्याचं टोक. नंबर घासला, वाचला, पुन्हा वाचला.

माझे. माझे आले.

११ सप्टेंबर

आज तीन. एकात केस. टोपात ठेवले, वर झाकण. दुपारी पत्रा तापतो तेव्हा एकमेकांजवळ सरकतात. कान लावला तर ऊब लागते. साहेब म्हणाले होते, कुणालाच खाता येत नाही ते उरतं. खरं आहे. चिवट आहेत माझे.

मंजुळेनं तिचं रिकामं पिंप स्वतःहून वर आणून दिलं. आता मला तिची ती नजर कळली, टोप चढवायच्या आधी ह्यांच्यावर पडलेली. मापं घेत होती.

१७ सप्टेंबर

बुधाजीची जुनी होडी पडून आहे. फटी उघड्या. डांबर लागेल. सूत आहे माझ्याकडं थोडं. फक्त हात हवेत, कुणाचे तरी—

२० सप्टेंबर

आज परळचा एक गडी आला. उत्तम नाव. दीड वर्ष घरी, बायको गावाला, काम मिळेल का म्हणून विचारत. धिप्पाड आहे. हात ह्यांच्याएवढेच. चांगला वाटला, बिचारा, हसतमुख.

पिंप भरलंय.

त्याला म्हटलं, आधी जेवा, काम काय पळून जातंय? खाली बसलाय. मांदेली तळलीत, ढीगभर. भात मागतोय. कितीतरी दिवसांनी कुणाला तरी वाढतेय, बरं वाटतंय. त्याचं नाव मी घेणार नाही. इथं त्याला नावानं हाक मारणारं कुणी नाही, आणि बायको आली तरी काय म्हणणार?

म्हटलं, अहो, आले हं भात घेऊन!

दोन ओ आल्या. एक खालून, त्याची. दुसरी इथून, पिंपातून, आणि ती म्हणतेय, माका—